उठा आबा, च्या झालाय

या मंडळी, जरा पुढे सरकून बसा. माझ्या गुडघ्याला गुडघा लागला तरी चालेल, पण मागे खांबाला टेकून कुणी बसू नका. खांबाला टेकून बसणाऱ्या माणसावर माझा विश्वास उरलेला नाही, आणि तो का उरला नाही त्याचीच गोष्ट आज सांगणार आहे. गोष्ट देवळातली आहे आणि बरीचशी माझ्या फजितीची आहे. हसू आलं तर खुशाल हसा. मात्र ऐकताना डोळे उघडे ठेवा. डोळे मिटून ऐकण्याचे परिणाम मी भोगलेले आहेत.

कोयनानगरला पाटबंधारे खात्यात मी लिपिक होतो. तिथे नोकरी केलेल्या माणसाला एक सवय लागते. भूकंपानं मांडणीवरची भांडी वाजली की आधी घराबाहेर पडायचं आणि मग चहा कुठे सांडला ते विचारायचं. निवृत्त होऊन आष्ट्याजवळच्या आमच्या गावी आलो, तेव्हा वाटलं, आता धावपळ करायची ती कीर्तनाला पुढची जागा धरण्यापुरती. कीर्तनाचं मला वेड आहे. लग्नातलं जेवण सोडेन, पण कीर्तन सोडणार नाही. "सोडायचं काय त्यात, दोन्हीकडे तुम्ही डोळेच मिटता," असं आमच्या सौभाग्यवती विजयमालाबाई म्हणतात. तिकडे लक्ष देऊ नका.

दोन वर्षांपूर्वीच्या सप्ताहात आमचे विणेकरी ज्ञानूबुवा गेले. सप्ताहात वीणा अखंड उभी असते, ती जमिनीला टेकू द्यायची नसते, हे तुम्हाला ठाऊक आहे. कीर्तन रंगात आलं होतं, गजर टिपेला पोचला होता, आणि ज्ञानूबुवा डोळे मिटून हळूहळू खाली बसले. वीणा झेलायला चौघे धावले. वीणेला खरचटलंसुद्धा नाही. बुवांच्या घशातून घरघर येत होती. लोक म्हणाले, नाम चाललंय. मग माणसं रांगेनं त्यांच्या पाया पडली. त्या रांगेत मीही होतो. त्यांच्या पत्नी रंगूबाई बायकांच्या बाजूला बसल्या होत्या. "भाग्यवान हायस बाई, असं मरण कुणाला येतंय," असं जो तो त्यांना सांगत होता.

 सगळे विधी उरकल्यावर एक दिवस रंगूबाई आमच्या ओट्यावर येऊन बसल्या.

"अण्णा, वीणा झेलायला चौघं हुती. ह्यास्नी झेलायला एक बी नव्हता. ते घरघरत हुतं तवा कुणाला काय करता आलं असतं का न्हाई, एवढंच मला सांगा."

 मी तिथूनच माझ्या भाच्याला फोन लावला. जयराज शिरवळच्या एका कारखान्यात सुरक्षा विभागात आहे आणि तिथल्या कामगारांना प्रथमोपचार शिकवतो. त्यानं सगळं ऐकून घेतलं. "मामा, आलं असतं करता," तो म्हणाला, आणि पुढे, "मी येतो. गावातलीच माणसं तयार करू."

इतकं साधं काम होतं. पण आपल्याकडे साध्या कामाची बातमी आधी शेजाऱ्यांना लागते.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या ओट्यावर सल्ल्यांची रीघ लागली. एकजण म्हणाले, बेशुद्ध माणसाच्या नाकाला कांदा लावावा. दुसरे म्हणाले, कांद्यानं काही होत नाही, चप्पल लावावी, आणि तीही डाव्या पायाची. यावर दोघांचं इतकं पेटलं की कुणीतरी बेशुद्ध पडून प्रयोगाची सोय होते की काय, अशी मला धास्ती वाटू लागली. तिसऱ्या गृहस्थांनी तोंडावर तांब्याभर पाणी मारायची शिफारस केली. त्यांच्या सासऱ्यांना गुण आला होता म्हणे. सासरे तेव्हा झोपलेले होते हे नंतर कळलं.

मग परवानगी. देवळाच्या सभामंडपात शिबिर घ्यायचं तर एका कचेरीची मंजुरी हवी. तिथल्या साहेबांनी विचारलं, "कार्यक्रम धार्मिक की वैद्यकीय?" मी म्हटलं, वैद्यकीय, पण देवळात. ते म्हणाले, असा प्रकारच नाही. बऱ्याच विचारान्ती त्यांनी आम्हाला रक्तदान शिबिराची मंजुरी दिली, कारण छापील नमुना तेवढाच होता. परिणाम असा झाला की शिबिराच्या दिवशी आजूबाजूच्या गावांतून उमदी पोरं बाह्या वर करून आली आणि बिस्किटं कुठं आहेत ते विचारू लागली. जाताना त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती मी विसरलेलो नाही.

जयराजनं कारखान्यातून सरावाचा पुतळा आणला होता. त्याला डोकं, छाती आणि पोट एवढंच. कमरेच्या खाली काही नाही. इथे पहिली अडचण आली, आणि ती कुठल्याही डॉक्टरी पुस्तकात नसणार. आमची स्वयंसेवक मंडळी म्हणजे बहुतेक टाळकरी आणि भजनी मंडळातल्या बायका. समोरच्याच्या पायाला हात लावल्याशिवाय त्याच्याशी बोलायचं नाही, ही त्यांची हयातीची रीत. पहिला टाळकरी पुतळ्याजवळ गेला, वाकला, हात पुढे केला आणि तसाच थांबला.

"पाय कुठं हायत ह्याचं?"

"काका, पाय लागत नाहीत," जयराज म्हणाला. "छाती दाबायची आहे."

"नमस्कार न करता एकदम छातीवरच जाऊ व्हय? कोण कुठला माणूस, काय म्हणंल?"

शेवटी पुतळ्याखाली एक सतरंजी गुंडाळून ठेवली, ते त्याचे पाय, असं ठरलं. पुतळ्याचं नाव 'पाव्हणं' पडलं.

जयराज शिकवत होता, माणूस पडला की आधी खांदे हलवून मोठ्यानं विचारायचं, तुम्ही ठीक आहात का? यावर रंगूबाई म्हणाल्या, "असं इचारल्यावर कोण उठतंय? ठीक नसलं तरी बरं हाय म्हणायची सवय हाय आपल्याकडं. च्या झालाय म्हणावं. च्या झालाय म्हटल्यावर जो उठत न्हाई, त्याचं काय खरं न्हाई." जयराजनं थोडा विचार केला आणि मान डोलावली. तेव्हापासून आमच्या पथकाची अधिकृत चाचणी तीच झाली.

बायकांना पथकात ठेवायचं की नाही यावरही वाद झाला. सप्ताह कमिटीचे अध्यक्ष लालासाहेब, सगळे त्यांना आबा म्हणतात. फौजेतून सुभेदार होऊन आलेले, उसाचा मोठा मळा, आवाज अजून परेडचा. ते कडाडले, "सुनांनी सासऱ्याच्या छातीवर हात ठेवायचा? हे आपल्या गावात चालायचं न्हाई."

त्यांची सून सोनिया तिथंच उभी होती. पदर सारखा करत ती म्हणाली, "मामंजी, म्हंजे तुमी गेला तरी चालंल, पर हात न्हाई लावायचा, असंच ना?"

आबांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि मला म्हणाले, "हे सगळं तुमच्यामुळं." सोनिया पथकात आली.

खरी पंचाईत लयीची झाली. छाती कितीही हळू किंवा कितीही भराभर दाबून चालत नाही, एक ठरावीक गती लागते. जयराजनं फोनवर टिकटिक लावली. कुणाचा हात त्या टिकटिकीवर बसेना. मग मीच सुचवलं, आणि हे माझं डोकं आहे हे नमूद करून ठेवतो, की हरिनामाच्या गजरावर दाबू. मध्यलयीतला गजर जयराजच्या टिकटिकीशी अचूक जुळला. विश्वजित आमचा पखवाजी, त्यानं थाप दिली आणि मंडळींचे हात बसले. जयराज माझ्याकडे कौतुकानं बघत होता. ते कौतुक अंगावर मिरवावं म्हणून मी जरा डोळे मिटले.

पण गजर म्हटला की तो चढणारच. विश्वजितचे हात आपोआप वाढले, टाळ वाढले, मंडळींचे हात वाढले, आणि शेवटी टिपेला पोचल्यावर टाळकऱ्यानं पाव्हण्यावर असा काही समेचा दणका दिला की आतून कडकन आवाज आला आणि छाती परत वर आलीच नाही. पुतळा जसा नेला तसा परत करायचा, असं जयराजनं कारखान्याच्या फाटकावर लिहून दिलेलं होतं. जयराज पाव्हण्याला मोटारीत घालून परत गेला तेव्हा त्याचा चेहरा सुतकी होता. जाताना म्हणाला, "मामा, बाकी सगळं जमलंय. फक्त गजर चढू देऊ नका. आणि एक सगळ्यांना परत परत सांगा. घशातून घरघर आली, अधूनमधून आचका आला, म्हणजे श्वास चालू आहे असं समजायचं नाही."

पथक तयार झालं. प्रत्येकाला गळ्यात घालायला एक बिल्ला आणि एक शिट्टी दिली. आता फक्त रोगी हवा होता.

मंडळी, शिकलेल्या विद्येला रोगी न मिळणं हे रोगापेक्षा जास्त त्रासदायक असतं. पुढच्या वर्षीचा सप्ताह बसला आणि पथक मंडपभर पसरलं. म्हातारी माणसं कीर्तनात पेंगतात, ही काही आजची गोष्ट नाही. पण कुणाची मान जरा कलली की मागून आवाज यायचा, "आवं काका, उठा, च्या झालाय!" काका दचकून उठायचे आणि चहा मागायचे. चहा नसायचाच. तीन दिवसांत गावातली वयस्क मंडळी डोळे ताणून बसायला शिकली. एकानं तर पापण्यांवर बाम लावला. सगळ्यांत जागरूक रंगूबाई. बायकांच्या बाजूला बसून पुरुषांच्या बाजूला टक लावून असायच्या. कीर्तन त्यांच्या कानावर पडत असेल, पण नजर रांगेरांगेतून फिरत असायची.

अपवाद फक्त आबांचा. खांबाला टेकून घोरणं हा त्यांचा अनेक वर्षांचा नेम. त्यांचं घोरणं पखवाजाला साथ देतं असं विश्वजित म्हणतो. त्यांना पथकानं एकदा उठवलं, तर त्यांनी सगळ्यांना सावधानमध्ये उभं केलं. तेव्हापासून त्यांच्या वाटेला कुणी गेलं नाही.

चौथ्या दिवशी माझ्या आवडत्या महाराजांचं कीर्तन होतं. मी पुढची जागा धरली. महाराजांनी अभंग असा उलगडला की माझे डोळे आपोआप मिटले आणि गालांवरून पाणी वाहू लागलं. कानाशी कुणीतरी म्हणालं, "अण्णा, उठा, च्या झालाय." अशा घटकेला चहाचं नाव काढणाऱ्याची मला कीव आली.  परत आवाज आला, जास्त मोठा. मी आणखी घट्ट डोळे मिटले.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. कुणीतरी खांद्याला धरून मला आडवा केला. चष्मा टाळकऱ्यांच्या पायांत गेला. धोतराची एक बाजू सुटली. आणि माझ्या छातीवर रंगूबाईंचे दोन्ही तळवे पडले. आयुष्यभर शेळ्यामेंढ्या उचललेले हात आहेत ते. मी ओरडलो, "अहो, मी भक्तीत आहे!" मंडपात असा हशा उठला की महाराजांनी टाळ थांबवले. "अण्णा, परत या हो, अजून प्रसाद व्हायचाय," असं ते म्हणाले आणि हशा दुप्पट झाला.

मी धोतर सावरत बाहेर आलो. विजयमालाबाईंनी चष्मा शोधून आणला. त्या हसत नव्हत्या, पण तोंडाला पदर होता.

संध्याकाळी आबांनी कमिटी बोलावली. "हा सप्ताह हाय का सरकारी दवाखाना? उद्यापासून मंडपात कुणी कुणाला हात लावायचा न्हाई. ही ऑर्डर हाय." मी ह्या ऑर्डरला विरोध करायला हवा होता. पण माझी छाती दुखत होती, आणि छातीच्या आत जे काही असतं ते जास्तच दुखत होतं. मी रंगूबाईंकडे गेलो आणि शिट्टी परत मागितली.

त्यांनी गळ्यातून काढून दिली. "तुमी डोळं मिटून बसला हुता, अण्णा. ते बी असंच बसलं हुतं," एवढंच म्हणाल्या. मी शिट्टी खिशात टाकली. ती बारकी शिट्टी घरी येईपर्यंत जड लागत होती.

काल्याचा दिवस उजाडला. सकाळचं कीर्तन, मंडपात मुंगी शिरायला जागा नाही. महाराज रंगात आलेले. आबा खांबाला टेकलेले आणि नेहमीप्रमाणे घोरत असलेले. पोरं एकमेकांना कोपरानं ढोसत होती. मी डोळे उघडे ठेवून ऐकत होतो, म्हणजे अर्धंच ऐकत होतो.

एकदम बायकांच्या बाजूला गलका झाला. रंगूबाई उठल्या होत्या. मधली दोरी ओलांडून, पुरुषांच्या मांड्या तुडवत त्या सरळ आबांकडे निघाल्या. "ए बाई, कुठं निघालीस?" "धरा तिला!" कीर्तन थांबलं. मी धावत जाऊन त्यांचं कोपर धरलं. पुन्हा तमाशा नको, एवढंच माझ्या मनात होतं.

"सोडा अण्णा. ही घोर न्हाई. घरघर हाय. मी ऐकलीया ही."

मी कान दिला. आबांचं घोरणं मी अनेक वर्षं ऐकलं आहे. ते नांगरासारखं सलग चालतं. हे तुटत होतं. एक आचका, मग काहीच नाही, मग आणखी एक. माझा हात आपोआप सुटला.

रंगूबाईंनी आबांचे खांदे गदागदा हलवले. "आबा! उठा आबा, च्या झालाय!"

सगळा मंडप आबांच्या ओरडण्याची वाट बघत होता. ओरडणं आलं नाही. ओठ निळसर दिसत होते. चहाला न उठलेले आबा गावानं कधी पाहिले नव्हते. तेव्हा कुठे सगळ्यांना कळलं.

माझ्या खिशातली शिट्टी मी पूर्ण ताकदीनं वाजवली. कुणी आबांना आडवं केलं, कुणी एकशे आठला फोन लावला. रंगूबाईंचे हात छातीच्या मधोमध बसले आणि त्या तिथूनच ओरडल्या, "विश्वजित, गजर धर रं!"

पखवाज वाजला. एवढ्या मोठ्या मंडपानं गजर उचलला, आणि तो उचलल्याबरोबर चढायला लागला. मला पाव्हण्याचा कडकन आवाज आठवला. मी एका टाळकऱ्याच्या हातातून टाळ ओढून घेतले आणि सगळ्यांसमोर उभा राहून लय धरली. चढू लागला की मागे खेचायचो, डोळे वटारायचो, मान नाही म्हणून हलवायचो. गजर चढवणं हे ज्यांचं काम, ते महाराजसुद्धा दोन्ही हात खाली दाबून माझ्याबरोबर मंडळींना थोपवत होते. गजर चढू द्यायचा नाही, हे आमच्या गावानं त्या दिवशी पहिल्यांदा केलं.

रंगूबाई दमल्या तशी सोनिया बसली. बसता बसता तिनं सवयीनं सासऱ्यांच्या पायांना हात लावला, "मामंजी, माफ करा," म्हणाली, आणि दाबायला लागली. मग एक टाळकरी, मग परत रंगूबाई. मध्येच एक वृद्ध गृहस्थ हात जोडून आबांच्या पायांशी वाकायला आले. आमच्या विजयमालाबाईंनी त्यांना दंडाला धरून बाजूला केलं. "पाया पुढच्या वर्षी पडा. आता वारा येऊ द्या."

गाडी आली. त्यांच्याकडे धक्का द्यायचं यंत्र होतं. पहिल्या धक्क्याला काही झालं नाही. गजर चालूच होता, फक्त आता हळू आवाजात. दुसऱ्या धक्क्यानंतर गाडीवरचे डॉक्टर नाडी धरून बसले, आणि मग म्हणाले, "चला, सांगलीला. लागलीय नाडी." विश्वजितची बोटं पखवाजावर तशीच पडून राहिली. रंगूबाई खांबाला टेकून बसल्या आणि प्रथमच रडल्या.

आम्ही सांगलीच्या दवाखान्यात भेटायला गेलो तेव्हा आबा उशाला टेकून बसले होते.

"बरगड्या कुणी मोडल्या माझ्या?"

"मी मोडल्या," रंगूबाई म्हणाल्या.

"आणि माझी ऑर्डर?"

"ती बी मीच मोडली."

 आबांनी मला जवळ बोलावलं. "अण्णा, हिची शिट्टी कुणाकडं हाय?" मी खिशातून काढून दिली. ती त्यांनी रंगूबाईंच्या हातात ठेवली. "फौजेत असतीस तर कोर्टमार्शल केलं असतं," म्हणाले, आणि डोळे पुसले. त्यांनी बरगड्यांचं निमित्त सांगितलं.

यंदापासून कमिटीनं एक नवी रीत घातली आहे. विणेकऱ्याच्या मागे दोघं उभी असतात. एक वीणा झेलायला, एक माणूस झेलायला. दुसरी जागा रंगूबाईंची. आबांना खांब बंद झाला आहे. ते पुढे माझ्याशेजारी बसतात आणि तिथंही घोरतात. घोरणं जरा थांबलं की सगळा मंडप माना वळवतो, आणि आबा एक डोळा उघडून म्हणतात, "जिवंत हाय रं, पुढं चालू द्या."

तर मंडळी, गोष्ट संपली. पुढे पहिली जागा मिळाली की मीसुद्धा डोळे मिटतो, ती सवय काही जात नाही. पण तुमच्या गावच्या कीर्तनात कुणी डोळे मिटून हळूहळू खाली बसलं, तर हात जोडण्याआधी त्याला हलवा आणि मोठ्यानं चहाचं विचारा. उठला तर त्याला खरोखर चहा पाजा, आणि त्याच्याबरोबर तुम्हीही घ्या. तो घेताना आमच्या ज्ञानूबुवांची आठवण काढा. त्यांना त्या दिवशी कुणी चहाचं विचारलं नव्हतं.